कडेची माणसं

नांदेड-लातूरकडच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तो हाती दिला मुदखेडच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी. फी त्यांनी कधी घेतली नाही. विषय काढला की म्हणायचे, “काम कर, पोरा.”

काका पॅनासॉनिकचा कॅमेरा खांद्यावर घेऊन वरातीपुढं उलटं चालायचे. मी मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरायचो आणि खड्डा आला की सांगायचो. गुडघे थोडे वाकलेले, कोपर बरगडीला टेकलेलं, श्वास धरलेला. त्या जड कॅमेऱ्याचा भार खांद्यावर असायचा, म्हणून चित्र स्थिर राहायचं. आता मोबाईल हलका, हात लांब केलेला, आणि शेजारी डीजेचा दणका. त्यामुळं पाहुण्यांनी पाठवलेल्या क्लिपा थरथरतातच.

2012 साली प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हलणारं चित्र स्थिर करणारा वार्प स्टॅबिलायझर आला. तो प्रत्येक फ्रेमवर ठिपके धरतो, ते कुठं सरकले हे मोजतो आणि चित्र तेवढंच उलट दिशेला ढकलतो. ढकललं की कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला तो चित्र मोठं करतो, म्हणजेच चारी बाजूंनी कापतो. हे मोजणं, म्हणजे अॅनालिसिस, चालू असताना लाईट जायची. काका शांतपणे पुन्हा सुरू करायचे.

एका पाठवणीची क्लिप होती. नवरी गाडीत बसते आहे, भोवती बायका. मांडवाच्या खांबाला धरून, अगदी फ्रेमच्या कडेला तिचे वडील. स्टॅबिलायझर लावला, चित्र झकास स्थिर झालं. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “कडंला कोण उभं हाय ते आधी बघ.” वडील फ्रेमबाहेर गेले होते, उरला होता खांब धरलेला हात.

मग त्यांनी जे करून दाखवलं ते आजही रोज उपयोगी पडतं. क्लिपमध्ये कुणाचा तरी धक्का लागून एकच मोठा हिसका होता. अख्ख्या क्लिपचं झूम त्या एका हिसक्यावरून ठरत होतं. काकांनी तेवढा तुकडा वेगळा कापला आणि तो हलता तसाच ठेवला. उरलेल्या भागाला स्मूदनेस पन्नासवरून दहावर आणला, पद्धत सबस्पेस वार्पऐवजी नुसती पोझिशन ठेवली. त्या वार्पनं मांडवाची कनात पाण्यासारखी डुलत होती, तेही थांबलं. चित्र थोडं हलत राहिलं. वडील मात्र पूर्ण दिसू लागले.

लग्नाचा व्हिडिओ घरचे कितीतरी वर्षं जपतात, आणि बघताना नवरा-नवरीपेक्षा कडेचीच माणसं शोधतात. पुढच्या रांगेत न आलेली आत्या, ताटं उचलणारा चुलता, पाय दुखतो म्हणून भिंतीला टेकलेली आजी. सॉफ्टवेअरला ही नाती कळत नाहीत, तेव्हा एडिट करणाऱ्याला ती कळायला हवीत. हे मला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. आता 4के मध्ये शूट करून फुल एचडीत काम केलं की कापायला जागा मिळते, तरी कडा तपासल्याशिवाय मी फाईल पाठवत नाही.

काकांनी आता कॅमेरा ठेवून दिला आहे. मिनीडीव्हीच्या टेपा मात्र कपाटात आहेत, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात गाव आणि तारीख. फायरवायर कार्डाचा जुना कॉम्प्युटर मिळवून मी त्या उतरवायला घेतल्या आहेत. तासाच्या टेपला तास लागतोच. चित्र अवघं 720 बाय 576, त्यात कापायला काही शिल्लक नाही, म्हणून स्टॅबिलायझर लावतच नाही. ज्याची टेप त्याच्या घरी पोचवायची, पैसे घ्यायचे नाहीत. टाकळीची एक परवा दिली. अजून बारड, भोकर, उमरीकडच्या बाकी आहेत.