पामेरियनचं पिल्लू

लेकीने पामेरियनचा हट्ट धरलाय. गोंदियाला तिच्या मावशीकडे पिल्लं झालीत, पांढरी, ओंजळीत मावतील एवढी. मन माझंही ओढ घेतंय. पण आमच्या घराला सकाळीच कुलूप लागतं. हे कामावर तिरोड्याला, मी शाळेत शिकवायला, लेक तिच्या वर्गात.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं. इवल्या जातीच्या पिल्लांची साखर उपाशीपोटी झपकन उतरते. अंग थरथरतं, पाय लटपटतात, जीव निपचित पडतो. दर दोन-तीन तासांनी शी-शूला बाहेर न्यायचं. पार्व्होच्या लशी चार महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. तोवर गावच्या कुत्र्यांत सोडायचं नाही. जात लहान म्हणून काम कमी, हे मला पटत नाही.

त्यात आमचं गाव बोदलकसा. तलावाभोवती जंगल, पुढे नागझिरा. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. अंगणात बांधून जाणं शक्यच नाही. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा त्या दाट केसांच्या जिवाला बंद घरात कसं कोंडायचं?

धानकापणी आटोपली की सासूबाई आमच्याकडे राहायला येणार आहेत. आधी त्यांना विचारायचं, कारण दिवसभराचं करणं त्यांच्याच अंगावर पडेल. त्या मनापासून हो म्हणाल्या, तर मावशीला एक पिल्लू तोवर ठेवायला सांगू, लशी पूर्ण झालेलं.