दाखला काढू नकोस

भवानी पेठ, सोलापूर
१२ मे

चि. भाऊस,


तुझा फोन आला तेव्हा समोरच्या कारखान्यातले माग चालू होते, निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. म्हणून लिहितेय. तुझ्या छकुलीला जूनपासून माझ्याकडे ठेवायचं, इथल्या इंग्रजी शाळेत पाचवीला घालायचं आणि इथूनच नवोदयच्या निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचं, असा तुम्हा दोघांचा बेत दिसतोय. पोरगी माझ्याकडे राहिली तर मला हवंच आहे. पण या बेतात एक मोठी खोट आहे.

पोखरापूरच्या नवोदयात सहावीला ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या. आता ग्रामीण कोण? रेशनकार्डावर गावाचा पत्ता आहे तो नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ज्यानं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढली, तो. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर नाव लागलं, तरी मूल शहरी धरतात. शाळा सरकारीच पाहिजे असं नाही, मान्यताप्राप्त असली की पुरे. बघतात ती शाळा कुठं आहे ते. म्हणजे दाखला काढून तिला इथं आणलीस, की तिसरी-चौथीची दोन वर्षं गावात काढून मिळवलेला हक्क तू आपल्या हातानं घालवलास.

उरलेल्या वीस जागा कशा असतात ते माझ्या शेजारी दिसतं. पलीकडच्या खोलीत विड्या वळणारी एक बाई राहते. घरात तेलुगू, पोरगी मराठी शाळेत, महापालिकेच्या. आई पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पानं कापत असते आणि ही भिंतीला टेकून आकृत्यांचं पुस्तक घेऊन बसते. कागदाची घडी घातली, भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील? मी पेन्सिलीनं रेघा मारून बघेपर्यंत तिचं बोट उत्तरावर पडलेलं असतं. पण ती शहरी. मोठ्या शाळांची, शिकवण्या लावलेली सगळी मुलं त्याच वीस जागांवर, आणि गावाकडची हुशार पोरंही तिथं येऊ शकतात ती वेगळीच. गावाला साठ जागा दिल्या याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त गरिबी काही नगरपालिकेची हद्द बघून थांबत नाही, एवढंच या नियम करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

परीक्षेचं म्हणशील तर दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न आकृत्यांचे: वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, अपुरी कशी पुरी होईल. त्याला कुठलीच भाषा लागत नाही. बाकी वीस गणिताचे, वीस उतारे वाचून सोडवायचे. पेपर मराठीतून देता येतो. चुकल्यास गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे तिला आत्तापासून सांग. संधी मात्र एकदाच, सहावीला दुसऱ्यांदा बसता येत नाही. दहा वर्षांच्या लेकराला एका पेपरावर तोलणं मला पटत नाही. पटत नसूनही मी तुला फॉर्म भर म्हणते, कारण दुसरीकडे काय चालतं ते मी पाहिलंय.

वरच्या मजल्यावरच्यांबरोबर मागे मी एका खासगी शाळेत गेले होते, त्यांच्या मुलाला सहावीत घालायचं होतं. ‘इंटरॅक्शन’ म्हणे. पोराला नाव नि आवडता विषय विचारला, आणि मग सगळा मोर्चा बापाकडे. नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं का, आई किती शिकली, घरी इंग्रजी बोलता का. तो बिचारा यंत्रमागावर जॉबर, तिथं नुसता घामाघूम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची अशी चाळणी लावायलाच बंदी आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. पण तक्रार करणार कोण, ज्याला तिथंच पोर घालायचंय तो? नवोदय नि सैनिक शाळांना त्याच कायद्यानं वेगळ्या प्रवर्गात बसवलंय, त्यांची परीक्षा राजरोस चालते. गंमत बघ, उघड परीक्षा घेणारी सरकारी शाळा बापाचा धंदा बघून गुण देत नाही. आणि खासगीतल्या २५ टक्के मोफत जागांची आशा धरू नकोस, त्या पहिलीला किंवा त्याआधीच भरतात. सहावीत जाणाऱ्याला पूर्ण फी, वर बस, वह्या-पुस्तकं, दोन-दोन गणवेश.

नवोदयात राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं फुकट. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला काही रक्कम घेतात, मुलींना तीही माफ. एक तृतीयांश जागा मुलींच्या. तरी वहिनीला सगळं खरं सांग. अकरा वर्षांची पोर घर सोडून जाईल, कपडे स्वतः धुईल, ताप आला तरी वहिनी जवळ नसेल. नववीत तीसेक टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी मुलखातल्या नवोदयात पाठवतात, त्यात तिचं नाव येऊ शकतं. हे फॉर्म भरतानाच बोलून घ्या, निवड झाल्यावर रडारड नको. साताऱ्याच्या सैनिक शाळेचं तू विचारलंस. २०२१ पासून तिथं मुलींनाही घेतात, पण फी आहे नि परीक्षा वेगळी. एका वर्षात दोन्हीच्या मागं तिला पळवू नकोस.

नाही लागला नंबर, तर सहावीला आण माझ्याकडे. तेव्हाही खासगीच्या दारात जाऊ नकोस. इथं अनुदानित जुन्या शाळा आहेत, हरिभाई देवकरण तर १९१८ पासून उभी आहे. तिथं नाहीतर दुसरीकडे, बघू.

तूर्त एवढंच कर. गावच्या हायस्कुलात पाचवीला नाव घाल. जन्मदाखल्यावरचं, आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव एकच आहे का ते बघ. तिच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग चुकलंय असं मला आठवतं. फॉर्म ऑनलाइन असतो, त्याला मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची पानं लागतात. पावसाळ्यात निघतो, तेव्हा गुरुजींना आत्ताच सांगून ठेव. आकृत्यांचं एक पुस्तक शेजारच्या पोरीला विचारून आणते, सोलापूरला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
अक्का