झाकली मूठ

आपल्याकडे इंजिनियरिंगची अ‍ॅडमिशन म्हणजे सीईटीचा स्कोअर, कॅप राउंड आणि कट-ऑफ. 'मला माझे मार्क दाखवायचे नाहीत' असं म्हणायची सोयच नाही! अमेरिकेत मात्र बऱ्याच कॉलेजांत सॅटचा स्कोअर पाठवायचा की नाही, हे विद्यार्थ्यानंच ठरवायचं असतं. बोडन कॉलेजनं ही पद्धत १९६९ मध्येच आणली. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द व्हायला लागल्या, तेव्हा बहुतेक मोठ्या कॉलेजांनी ती उचलली.

ऐकायला छान वाटतं. पण जरा गणित करून बघा. स्कोअर ऐच्छिक झाला की पाठवणार कोण? ज्यांना भरपूर मिळालेत ते. मग कॉलेज स्कोअरची जी रेंज छापतं, ती फक्त त्यांचीच. ती बघून पुढच्या वर्षी आणखी मुलं स्कोअर लपवतात आणि रेंज आणखी वर सरकते. डेटाबेसवाल्यांना वेगळं सांगायला नको... नल व्हॅल्यूज वगळून काढलेली सरासरी ही!

ओहायोतल्या माझ्या मामेबहिणीला १६०० पैकी १४२० मिळाले. तिच्या साध्या सरकारी शाळेत एवढे क्वचितच कुणाला मिळतात. पण आवडत्या कॉलेजची रेंज बघून म्हणते कशी, "दादा, मी नाहीच पाठवत." मामाचंही तेच, "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

मला हे पटेना. अर्ज वाचणाऱ्यांसमोर शाळेची माहितीही असते. महागड्या शाळेतले १४२० आणि हिच्या शाळेतले १४२० ते एकाच मापानं मोजत नाहीत. डार्टमथनं २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली ती यामुळेच. तिथल्याच प्राध्यापकांच्या अभ्यासात दिसलं, की बेताच्या परिस्थितीतली, १४०० च्या घरातली कितीतरी मुलं स्कोअर लपवत होती. पाठवला असता तर फायदा त्यांचाच होता! एमआयटीनं तर २०२२ मध्येच सक्ती परत आणली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाची तऱ्हा वेगळी. प्रवेश देताना ते सॅट बघतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

खरा घोळ 'ऐच्छिक' या शब्दातच आहे. पैसेवाल्यांच्या मुलांना कधी पाठवायचा, कधी नाही, हे सांगायला फी घेणारा सल्लागार असतो. बाकीच्यांनी अंदाजच बांधायचा.

असो. तुमच्या ओळखीत कुणी अर्ज भरत असेल, तर कॉलेजच्या रेंजसोबत स्वतःच्या शाळेची सरासरीही बघायला सांगा. तिच्यापेक्षा बरेच वर असाल, तर मूठ उघडलेलीच बरी.