आकड्याच्या आधी वय

जुन्या गाड्यांच्या बाजारात एका वाक्याला फार किंमत मिळते: 'गाडी बारा वर्षांची आहे, पण पळाली फक्त चोवीस हजार.' हे ऐकलं की घेणाऱ्याचं मन निम्मं ठरतं आणि उरलेलं निम्मं रंगाची चकाकी बघून ठरतं. गाड्या तपासण्याचंच काम करणारा म्हणून माझं म्हणणं उलट आहे. बारा वर्षांत चोवीस हजार म्हणजे वर्षाला दोन हजार, दिवसाला सरासरी साडेपाच किलोमीटर. घरगुती वापराची गाडी साधारणपणे वर्षाला दहा-बारा हजार धावते. मग ही गाडी उरलेला वेळ काय करत होती? एक तर महिनोन् महिने उभी होती, नाही तर रोज मंडईपर्यंत किंवा मुलांच्या शाळेपर्यंत जाऊन परत येत होती. दोन्ही प्रकार गाडीला मानवत नाहीत. म्हणून कमी किलोमीटर हा गाडीचा गुण धरून सौदा सुरू करू नये. ती एक माहिती आहे आणि तिच्यातून पुढचे प्रश्न निघतात.

गाडीचे काही भाग धावण्याने झिजतात आणि काही नुसत्या काळाने. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गिअर, क्लच प्लेट हे पहिल्या जातीतले. टायर, होस पाइप, ऑइल सील, सस्पेन्शनचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी हे दुसऱ्या. किलोमीटरचा काटा फक्त पहिल्या जातीबद्दल बोलतो, आणि तेही अर्धवट, कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण तापून चाललं तर ती बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत बंद केलं तर त्यातलं काही पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि काही सायलेन्सरमध्ये साठून त्याला आतून गंज चढवतं. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पांढरट, लोण्यासारखा थर दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. कधी हेड गॅस्केट गेलेलं असतं, म्हणून त्याच वेळी कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग आहे का तेही बघावं. ऑइल बदलण्यासाठी कंपन्या 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' असं सांगतात, ते यासाठीच. वर्षाला दोन हजार धावणाऱ्या गाडीचे मालक नेमकी ही 'एक वर्षा'ची अट विसरतात. गाडी पळालीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं, हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. इंजिनाचं सर्वांत जास्त नुकसान त्याच विचाराने होतं.

रबराचं गणित याहून कडक आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी इतक्या वर्षांच्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि उन्हाळ्यात द्रुतगती मार्गावर तो फुटण्याचा धोका खरा असतो. म्हणून 'टायर अजून कंपनीचेच आहेत' हे कौतुक म्हणून सांगितलं जातं तेव्हा घेणाऱ्याने चार नव्या टायरांचे पैसे मनातल्या मनात किमतीतून वजा करावेत. टायमिंग बेल्टचंही तेच. जुन्या मारुती ८००मध्ये आणि पहिल्या सँट्रोमध्ये रबरी पट्टा आहे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत साखळी आहे. पट्टा असेल तर कंपनी किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देते. चोवीस हजारांवर उभ्या असलेल्या गाडीचा पट्टा कोणी बदललेला नसतो, कारण किलोमीटर भरलेलेच नसतात. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो.

ब्रेक ऑइलकडे तर फारच थोडे लोक बघतात. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी चालो वा उभी राहो. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट शहरात हा फरक जाणवणार नाही. पण आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफ झाली, की पेडल खालपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं असतं. सर्व्हिसच्या कागदांत त्याची नोंद शोधावी. मिळाली तर मालक खरोखर काळजी घेणारा होता असं मी धरतो, कारण ही गोष्ट दाखवण्यासाठी कोणी करत नाही.

काळ काय करू शकतो याचा सर्वांत गंभीर दाखला टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा आहे. त्या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडत गेलं, आणि अपघातात एअरबॅग उघडताना डबीच फुटून धातूचे तुकडे माणसांना लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही होंडासह अनेक कंपन्यांनी त्या बोलावल्या. हा बिघाड गाडी किती धावली यावर अवलंबून नव्हता. वय आणि हवामान यांवर होता, आणि आपल्या किनाऱ्यावरची हवा उष्ण आणि दमट दोन्ही आहे. जुनी गाडी घेताना चासी नंबर देऊन कंपनीकडे विचारावं की या गाडीवर एखादं काम राहून गेलं आहे का. ते काम कंपनी फुकट करून देते. घरी पडून राहिलेली गाडी सर्व्हिस सेंटरकडे गेलेलीच नसते, म्हणून असं राहून गेलेलं काम तिच्यातच सापडण्याचा संभव जास्त.

यावर कोणी म्हणेल की झीज तर कमी झालीच ना, इंजिन आणि गिअरबॉक्स हेच तर महाग भाग. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. नियमित ऑइल बदललेलं, अधूनमधून लांब पल्ल्यावर नेलेलं चोवीस हजारांचं इंजिन ही फार चांगली वस्तू आहे. रबर, ऑइल, बॅटरी या गोष्टी पैसे देऊन नव्या करता येतात. झिजलेलं इंजिन तितक्या सहज नवं होत नाही. पण या मान्यतेला दोन अटी आहेत. पहिली, काट्यावरचा आकडा खरा असला पाहिजे. दुसरी, कमी किलोमीटरसाठी जास्त पैसे मोजून वर वयाचा खर्चही आपणच करायचा, असा दुहेरी भुर्दंड बसता कामा नये.

आकडा खरा आहे का, हे काट्याकडे बघून कळत नाही. मीटर मागे फिरवण्याचं काम आज लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. म्हणून गाडीच्या इतर साक्षी जुळवाव्या लागतात. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांचं रबर, स्टिअरिंगवर हात टेकतो ती जागा, गिअरची मूठ, चालकाच्या सीटची दाराकडची कड हे बघावं. चोवीस हजारांच्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. ते अगदी नवंकोरं दिसलं तरी विचारावं की का बदललं. चारही टायर बदललेले असतील तर तारखा बघून 'कधी आणि का' हा प्रश्न टाकावा. वयामुळे बदलले असतील तर ती उलट चांगली गोष्ट आहे. काचांच्या कोपऱ्यावर आणि सीट बेल्टच्या खालच्या पट्टीवर निर्मितीच्या खुणा असतात. सगळ्या एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला गाडी ठोकली होती का ते तपासावं. स्कॅनर लावून बघितलं तर दोषांच्या नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही अनेक गाड्यांत दिसतं. काल-परवाच पुसलेल्या असतील तर दाखवायला आणण्यापूर्वी काहीतरी झाकलं आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. आणि सर्वांत भरवशाची साक्ष जुनी बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचा आकडा असतो. तो हळूहळू आणि एकाच दिशेने वाढत गेलेला दिसला पाहिजे. विमा पॉलिसीवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस असेल तर पाच वर्षं दावा झालेला नाही असं दिसतं. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि आधीच्या गाडीवरूनही आणता येतो, हे लक्षात ठेवावं.

महाराष्ट्रात आणखी एक तपासणी मी कधीच सोडणार नाही. २००५ची मुंबई, २०१९चे सांगली-कोल्हापूर, २०२१चं चिपळूण. या पुरांत बुडालेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. पुरातली गाडी दुरुस्त करून जपून कमी वापरलेली दिसू शकते, आणि तिचा काटा खरोखर कमी असू शकतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाशी गाळाची रेघ आहे का बघावी. सीटच्या रुळांवर, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज शोधावा. गालिचा उचलून वास घ्यावा. अत्तराचा किंवा एअर फ्रेशनरचा उग्र वास आला तर शोध अधिक बारकाईने करावा. किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीत खारी हवा खालच्या पत्र्याला आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना खाते, म्हणून गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय मत देऊ नये. उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात. बोनेटखाली नवी चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी दिसल्या तर त्या का जोडाव्या लागल्या ते विचारावं. पेट्रोलचाही प्रश्न आता बदलला आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, एप्रिल २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन् महिने तेच पेट्रोल टाकीत राहिलेलं असेल तर पंप, नळ्या आणि इंजेक्टर यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

गाडी बघायला जाताना एकच विनंती आधी कळवावी: इंजिन थंड ठेवा. गरम इंजिन बऱ्याच आजारांवर पांघरूण घालतं. बोनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून स्वतः सेल्फ मारावा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा आणि इंजिनाचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. पहिल्या काही सेकंदांतला आवाज आणि धुराचा रंग लक्षात ठेवावा. निळा धूर ऑइल जळण्याचा. थोडी पांढरी वाफ थंड सकाळी चालते, तापल्यानंतरही येत राहिली तर चालत नाही. मग एसी लावून निदान अर्धा तास गाडी चालवावी, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत. बरेच दिवस एसी न लावलेल्या गाडीत कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडून गॅस निघून गेलेला असतो. उभ्या गाडीत मागचे ब्रेक ड्रमला धरून बसतात. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकल्यावर गाडी मोकळी घरंगळते का, हे बघितलं की ते कळतं.

कागदांबद्दल थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, महाराष्ट्रात पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचं शुल्क येतं, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीची किंमत ठरवताना हा खर्च दाराशी आला आहे हे विसरू नये. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलेला हवा. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. नियमांत पुढे फेरफार होत राहिले, तरी तिथून कमी भावात आलेल्या डिझेल गाड्या आपल्याकडे विकल्या जातात. त्या घेताना एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा हिशेब आधी करावा.

'इतकं सगळं तपासू द्यायला कोणता विकणारा थांबेल?' असं विचारलं जातं. ज्याची गाडी खरोखर जपलेली आहे तो थांबतो, कारण त्याच्याकडे बिलांची फाइल असते आणि ती दाखवण्यात त्याचाच फायदा असतो. जो रॅम्पवर गाडी चढवू देत नाही, त्याची गाडी सोडून द्यावी. बाजारात दुसरी मिळते.

आता निवड करायची झाली तर एकीकडे आठ वर्षांत नव्वद हजार किलोमीटर, बहुतेक महामार्गावर, प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी आहे, आणि दुसरीकडे बारा वर्षांत चोवीस हजार, बिलं नाहीत, अशी गाडी आहे. मी पहिली घेण्याचा सल्ला देईन. दुसऱ्या गाडीची बिलं असतील, दरवर्षी ऑइल बदललेलं असेल, अंगावर पुराची आणि अपघाताची खूण नसेल, तर ती जरूर घ्यावी. मात्र टायर, बॅटरी, बेल्ट, होस, बुश आणि सगळी ऑइलं बदलण्यासाठी लहान गाडीला साधारण चाळीस-पन्नास हजार रुपये लागतात. ते किमतीतून कमी करून घ्यावेत, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत घरच्यांना घेऊन घाटात जाऊ नये.