चांगलं पेट्रोल कुठं मिळतं?

चांगला हापूस, चांगला डॉक्टर आणि चांगलं पेट्रोल कुठं मिळतं, हे प्रत्येक मराठी माणसाला पक्कं ठाऊक असतं. फक्त प्रत्येकाचं उत्तर निराळं असतं. नेरुळच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सायन-पनवेल हायवेवरच्या एका ठरावीक पंपाशी एकनिष्ठ आहेत. "अहो, तिथं ट्रकवाले भरतात. ट्रकवाला कधी फसत नाही!" ट्रकमध्ये डिझेल भरतात हे त्यांना सांगायचं धैर्य अजून कोणाला झालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे पहाटे साडेपाचला गाडी काढतात, कारण थंडीत पेट्रोल दाट असतं म्हणे. पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते. तिला पहाट आणि दुपार यांतला फरक फारसा कळत नाही. शिवाय नेरुळात थंडी पडते ती वर्षातून चार दिवस, आणि तीही स्वेटर विकणाऱ्यांच्या समाधानासाठी.

खरं म्हणजे खाडीपलीकडे माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत आणि तेल कंपन्या एकमेकींकडून माल उचलतात. पाट्यांचे रंग वेगळे, वरून घालायची औषधं थोडी वेगळी. मूळ माल बराचसा भावकीतलाच. पंपावर गाळणकागद मागून त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून बघता येतो, पाच लिटरच्या मापानं मोजून मागता येतं, घनता विचारता येते. हे गिऱ्हाइकाचे हक्क आहेत. मागे सात गाड्या भोंगे वाजवत असताना ते बजावून दाखवणारा वीर मात्र मी अद्याप पाहिलेला नाही. आपण "झीरो बघा साहेब" म्हटलं की झीरो बघतो आणि कृतार्थ होतो.

आता तर निवडीचा प्रश्नच मिटला. २०२५ सालापासून बहुतेक सगळीकडे नळीतून येतं ते इ-२०, म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉल. हे मूळ २०३० साली व्हायचं होतं. सरकारी काम पाच वर्षं आधी पुरं झाल्याचा प्रसंग आपल्या आयुष्यात एकदाच येणार, आणि तो नेमका आपल्या गाडीच्या टाकीत यावा! बिनइथेनॉलचं पेट्रोलही विकायला ठेवा, अशी याचिका एका वकिलानं केली होती. ती १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. दुधात पाणी घातलं की भेसळ होते आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल घातलं की धोरण होतं, एवढा फरक आता आमच्या सोसायटीतल्या मुलांनाही समजतो.

तळमजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी एका रविवारी आम्हां सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, आधी विड्या विझवायला लावल्या आणि आखणी केलेल्या काचेच्या नळकांड्यात ५० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून ते खळखळून हलवलं. थोड्या वेळानं पाणी तळाशी बसलं, पण दहाचं जवळजवळ वीस झालं होतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याच्या ओढीनं खाली उतरलं होतं. "पाणी दिसलं की हे पेट्रोलला सोडून जातं," प्राध्यापक म्हणाले. मग त्यांनी गच्चीच्या कठड्यावरच खडूनं गणित मांडलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश. पाचव्या भागातला तिसरा भाग गेला, म्हणजे पंधरावा. पंधरा लिटरचे पैसे मोजायचे आणि चौदा लिटरचा प्रवास करायचा. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहासात टक्क्यांची घट लिहिलेली आहे. इ-२०साठी जुळवून घेतलेल्या नव्या गाड्यांना एकदोन टक्केच. दर मात्र लिटरवर लागतो, किलोमीटरवर नव्हे. पेन्शनीत बसणाऱ्या माणसाला पंधरावा भाग म्हणजे काय, ते पेन्शनवालाच जाणे.

"पण ऑक्टेन ९१चं ९५ झालं ना?" तिसऱ्या मजल्यानं विचारलं. झालं, खरंच झालं. पण ऑक्टेन म्हणजे काही साजूक तूप नव्हे. इंधनानं वेळेआधी पेट घेऊन इंजिनात ठोके देऊ नयेत, यासाठीचा तो गुण. ज्या इंजिनाला ठोके पडतच नाहीत त्याला जास्त ऑक्टेन पाजणं म्हणजे सर्दी नसलेल्याला काढा पाजणं.

आमची गाडी २०११ सालची. पावसाळ्यानंतर ती चढावर धापा टाकू लागली, तेव्हा तुर्भ्याच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. आत काळं किटण. "हे इथेनॉल टाकी धुऊन काढतं, साहेब. चौदा वर्षांचं साठलेलं सगळं इथं येऊन बसलं." मग एक रबरी पाइप दाखवला, फुगलेला, भेगाळलेला. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि ते स्वस्तात होईल, असं पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं होतं. स्वस्त हा शब्द मंत्रालयात आणि तुर्भ्यात वेगवेगळ्या अर्थानं वापरतात. पण माणूस प्रामाणिक. म्हणाला, "सगळं इथेनॉलच्या नावावर नका टाकू. चौदा वर्षांचं रबर आहे. तुमचे गुडघे तरी कुठं पहिल्यासारखे राहिलेत?" पावसाळ्यात गाडी महिनामहिना उभी ठेवू नका, टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत दमट हवा कमी राहते, झाकणाचं वॉशर नीट बघा, असा सल्लाही त्यानं फुकट दिला.

हे सगळं मी तावातावानं ऐकवलं ते आमच्या साडूंना. ते मिरज तालुक्यातले, पाच एकर उसाचे धनी. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांत आपल्या राज्यातली मनमाड आणि मिरज ही गावं होती. त्यामुळे हा शोध आपल्याच घरचा, असा साडूंचा भाव असतो.

"म्हंजे पावणं, तुमची गाडी आमचा ऊस पिती की!" ते खूश होऊन म्हणाले.

"पिते. आणि पिऊन कमी पळते."

"पळू द्या. आमी बिलासाटी कारखान्याच्या दारात किती वर्सं उभं ऱ्हायलोय, ठावं हाय? मळी मातीमोल जायाची. आता तेल कंपनीचं पैसं कारखान्याला येळंवर येत्यात, म्हणून आमाला बी येत्यात. थोरलीची इंजिनिअरिंगची फी त्यातनंच भरली. तुमचं चार किलोमीटर गेलं, तर गेलं!"

थोरली ही हिच्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझीच भाची म्हणायची. बारावीला असताना गणित माझ्याकडूनच शिकून गेली होती. पंधराव्या भागाचं गणित मला तिथं पुढं रेटता येईना. ऊस पाणी किती पितो हा मुद्दा राखीव ठेवला होता, पण सौ.नं डोळे वटारले.

चहा झाला. त्यांना पोचवायला मी खाली उतरलो. गेटाबाहेर त्यांची धुळीनं माखलेली जीपगाडी उभी होती. मी सहज विचारलं, "मग तुमच्या या गाडीचं ॲव्हरेज किती कमी झालं?"

"हिचं?" साडू बॉनेटवर थाप मारत म्हणाले, "ही डिझेल हाय, पावणं. हिला असलं काय घालत न्हाईत." आणि काकवीचा डबा माझ्या हातात देऊन निघून गेले.