तुटक ऐकलेली चाल

‘मारिओ’ या व्हिडिओ गेमची चाल आमच्या पिढीने लहानपणी कधी सलग ऐकलीच नाही. एका मोठ्या ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग कानावर पडलं तेव्हा हे लक्षात आलं. कोजी कोंदो यांनी 1985 मध्ये बांधलेली ती सुरावट व्हायोलिनांनी उचलली, क्लॅरिनेट तिच्या मागून धावत आलं, आणि जिथे ती हमखास तुटायची त्या जागेवरून ती सरळ पुढे निघून गेली. मी ऐकत राहिलो आणि घशात आवंढा दाटला.

आमची खोली फुलंब्रीत, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एका दुकानाच्या पाठीमागे होती. बाहेरून पर्यटकांच्या बसगाड्या लेण्यांकडे जात. आत अद्रकाच्या पोत्यांचा वास, ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही आणि जपानच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल असलेला व्हिडिओ गेम. रुपया दिला की ठरावीक वेळ खेळायला मिळे. कॅसेट लागली नाही की पडद्यावर नुसते पट्टे येत. मग ती उपसायची, खालच्या पट्टीवरच्या पितळी दातांवर लांब फुंकर मारायची, शर्टाच्या टोकाने पुसायची आणि किंचित डावीकडे कलती ठेवून दाबायची. एकदाची चाल सुरू झाली की मागे उभी असलेली पोरं एकदम गप्प व्हायची. लगेच पुन्हा गलका: ‘अरे उडी मार ना!’, ‘आता माझा चान्स!’ तेवढ्यात मालक बटण बंद करायचे, नाहीतर लाइट जायची. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत कुठलंच गाणं शेवटपर्यंत जाण्याची खात्री नसे.

पण चाल तुटायची ती केवळ विजेमुळे नव्हे. त्या यंत्राच्या चिपमध्ये आवाजाच्या पाचच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक निव्वळ खरखरीची आणि एक आधी मुद्रित केलेल्या आवाजाच्या तुकड्यांसाठी. संगीतही त्यांतूनच आणि खेळातले आवाजही त्यांतूनच. मारिओने नाणं उचललं की ती टिणटिण वाजवायला संगीताचाच एक धागा तेवढ्यापुरता सोडून द्यावा लागे. उडीचंही तेच. म्हणजे खेळणारा जितका चपळ, तितकी चाल जास्त विरलेली. प्रत्येक पोराच्या हातून ती वेगळ्या ठिकाणी फाटे आणि उरलेलं आमचे कान भरून काढत. खेळातल्या घड्याळात शंभराहून कमी उरले की ती धावू लागे. आजही तो वेग ऐकला की माझे तळवे ओले होतात.

कोंदोंची पहिली चाल मारिओच्या धावण्याशी आणि उड्यांशी जुळेना म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि नवी बांधली. त्या चालीत पाय आहेत ते म्हणूनच. पाण्याखालच्या भागाला त्यांनी तीन-तीन मात्रांचा संथ झोका दिला. त्यात पोहण्याचा जडपणा नेमका उतरला आहे. ऑर्केस्ट्रात चेलोंनी तो घेतला की मला आमच्या गिरिजा नदीचं पावसाळी पाणी आठवतं. काही जण या चालींवर समूहगान आणि नगारे लादतात, ते मला सोसत नाही. चालीला मोठं करायचं नसतं, मोकळं सोडायचं असतं. गेमचं संगीत मैफलीत येणं तसं जुनंच: 1987 मध्येच टोकियोत कोइची सुगियामा यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमचं संगीत मैफलीत आणलं होतं. 2022 मध्ये लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात गेमच्या संगीताची स्वतंत्र संध्याकाळ झाली. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओची चाल जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. त्या यादीतलं गेमचं ते पहिलं संगीत.

चालीचा हा मैफलीपर्यंतचा प्रवास पाहताना मला आमच्या गावाचं नाव आडनावात वागवणारे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर आठवत राहिले. ‘वंदे मातरम्’ बँडवर नीट बसत नाही, हा आक्षेप स्वातंत्र्याच्या सुमारास घेतला गेला. झिंझोटी रागात त्याची चाल बांधणारे मास्तर त्यासाठी झटले आणि बँडवर वाजेल असं रूप त्यांनी घडवून दाखवलं. एका गळ्यातली चाल अनेक वाद्यांच्या हाती सोपवताना तिचा जीव जपावा लागतो. ती जबाबदारी त्यांनी ओळखली होती. मारिओच्या चालीला हात लावणाऱ्यांनाही तीच कसोटी लावावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या बँडपथकांकडे क्लॅरिनेट आहे, ट्रम्पेट आहे, साइड ड्रम आहे. या चालीला याहून जास्त काही लागत नाही. तेव्हा बँडवाल्या दादांनो, येत्या लग्नसराईत एखाद्या वरातीत ती घ्या. वऱ्हाडातली चाळिशीची माणसं जागच्या जागी थबकतील. फक्त एक करा, ती मध्येच तोडू नका. पुरती वाजवा.