काका, तो रोल वाया गेलेला नाही

प्रिय काका,

उधव्यातल्या लग्नाचा रोल वाया गेला, हे तुमच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकतोय. वाया गेला होता, तर बिस्किटाच्या डब्यात एवढी वर्षं जपलात कशाला?

परवा पट्ट्या उजेडावर धरल्या. पातळ आहेत खऱ्या. पण सावलीतल्या कुडाच्या काड्यासुद्धा दिसतात, आणि कडेचे आकडे मात्र फिकट. ते आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध? म्हणजे फोटो तुम्ही नीटच काढलेत, कमी पडलं ते रोल धुण्यात. माघातली रात्र, मोरीतलं गार पाणी, आणि तुम्हाला सकाळी प्रिंट हवेत! डेव्हलपर वीस अंशांवर हवा, गारठला की त्यातलं हायड्रोक्विनोन मंदावतं, हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच ना? आणि शिव्या खाल्ल्या त्या फिल्म कंपनीने.

आधी पाच नंबरच्या हार्ड पेपरवर छापून पाहिलं. लग्नाचा चौक असा उठून आला म्हणून सांगू! गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या रेघा, मधे पालघट देवी. पण चेहरे त्या कागदाला मानेनात. गाल पांढरेफटक आणि डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे.

मग गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरीची फ्रेम वेगळी काढली. पुन्हा हायपोत घातली, भरपूर धुतली. जुना हायपो राहिला तर डाग पडतात. पोटॅशियम डायक्रोमेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवली, तर चित्र बघता बघता उडालं. तुम्ही असतात तर हात धरला असतात माझा. पिवळेपणा जाईपर्यंत धुऊन, दिवा लावूनच, कागदाच्या डेव्हलपरमध्ये सोडली. चित्र परत आलं, आधीपेक्षा गडद. डायक्रोमेट विषारी, म्हणून हातमोजे घातले होते, आणि उरलेलं पाणी तुमच्यासारखं मोरीत ओतलं नाही. घाबरू नका, सगळ्या पट्ट्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेत.

आता ती तीन नंबरच्या कागदावर छापता येते. गाताना किंचित उघडं तोंड, कपाळावरचं गोंदण, सगळं आहे. पण बाई कोण, काका? पाकिटावर शटर लिहिलंत, अ‍ॅपर्चर लिहिलंत, आणि माणसांच्या वाट्याला नुसतं ‘लग्न, उधवा’? नवरीचं नाव नाही, पाड्याचं नाही. तिच्या गाण्यावर लग्न लागलं, तिचंही नाही. याचा मला खरोखर राग आला आहे.

तरी ही फ्रेम काढायला तुम्हीच तिथे उभे होतात, म्हणून ती आहे.

दिवाळीला प्रिंट घेऊन डहाणूला येतो. तोवर मोतीबिंदूचं उरकून घ्या. मग आपण दोघं उधव्याला जाऊ, पाडा तुम्ही ओळखाल. तिथल्या जाणत्यांना विचारून प्रत्येक फोटोमागे नाव लिहू, आणि पहिली प्रत त्या घरी देऊ. नाही म्हणू नका.

तुमचा,
पुतण्या